पुस्तक मिटल्यानंतरचा अभ्यास

‘दिवसाला किती तास अभ्यास करू?’ दहावीच्या वर्गात जूनमध्येच सुरू होणारा हा प्रश्न पुढे सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांपर्यंत मुलांची पाठ सोडत नाही. मी बरीच वर्षे नववी-दहावीला विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर संध्याकाळी घराजवळच्या एका अभ्यासिकेत जाऊन बसते. तिथे तासन्‌तास मान खाली घालून बसलेली मुले पाहिली की त्यांच्या चिकाटीचे कौतुक वाटते आणि काळजीही वाटते. त्यांचा बहुतेक वेळ तीच पाने पुन्हा पुन्हा वाचण्यात जातो. माझ्या मते पुस्तक उघडे असते तेव्हा अभ्यासाची फक्त तयारी चाललेली असते. ते मिटले की अभ्यास सुरू होतो.

दहावीतली एक मुलगी गुरुत्वाकर्षणाचा धडा घेऊन माझ्याकडे आली होती. पाने पिवळ्या-गुलाबी हायलायटरने इतकी रंगली होती की साधी राहिलेली ओळ शोधावी लागत होती. ‘बाई, चार वेळा वाचून झालाय,’ ती म्हणाली, आणि ते खरेच होते. मी पुस्तक मिटून बाजूला ठेवले, तिच्यापुढे पाठकोरा कागद सरकवला आणि म्हटले, मुक्तिवेगाचे सूत्र काढून दाखव. पृथ्वीसाठी तो सेकंदाला 11.2 किलोमीटर, हे तिने आधीच कोपऱ्यात लिहून टाकले. गतिज ऊर्जा लिहिली. स्थितिज ऊर्जेपाशी पेन थांबले. तिथे ऋण चिन्ह असते एवढे आठवत होते, का असते ते सांगता येईना. बराच वेळ ती कागदाकडे पाहत राहिली. मग मी पुस्तक परत दिले. तिने थेट ते पान काढले, अनंत अंतरावर स्थितिज ऊर्जा शून्य मानलेली असते ही ओळ शोधली आणि स्वतःशीच म्हणाली, ‘म्हणजे जवळ आलं की शून्याहून कमीच होणार.’ हीच ओळ तिने आधी चार वेळा रंगवली होती. अडल्यावर मात्र तिला ती पहिल्यांदा दिसली.

पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळख पटली की येते असे वाटू लागते. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. त्यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दोनदा वाचायला दिला आणि दुसरा एकदाच वाचून आठवेल तेवढा लिहून काढायला सांगितला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवला. आठवड्याने घेतली तेव्हा दोनदा वाचलेल्यातले 42 टक्के आठवले, तर लिहून काढलेल्यातले 56 टक्के. आदल्या रात्रीच्या वाचनाने धीर येतो आणि तरी ते पुढे टिकत नाही, याचे कारण इथे आहे.

आपल्या जुन्या शाळांतले मास्तर पाढे म्हणून घेत, पण तेवढ्यावर सोडत नसत. मध्येच एखाद्याला उभे करून ‘सतरा साते किती?’ विचारत. घोकंपट्टीला आपण नावे ठेवतो, पण तिच्यातला हा आडवेतिडवे विचारण्याचा भाग शहाणपणाचा होता. तो आपण घोकंपट्टीबरोबरच टाकून दिला.

विसरणे हाही अभ्यासाचाच भाग आहे, हे मुलांच्या गळी उतरवणे सर्वांत कठीण जाते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला. 1885 सालच्या त्याच्या ग्रंथातून दिसते की ही गळती सुरुवातीलाच सर्वांत जास्त असते. म्हणून आज वाचलेला धडा उद्या न पाहता लिहून बघावा, मग आठवड्याने, मग महिन्याने. दुसऱ्या दिवशी निम्मे आठवले नाही की मुले खचतात आणि पुन्हा हायलायटर उचलतात. त्या क्षणी शेजारी कोणीतरी असावे लागते.

जागेचा प्रश्न खरा आहे आणि तो उपदेशाने सुटत नाही. परळच्या चाळीत एका खोलीत राहताना भीमराव आंबेडकरांना वडील लवकर झोपवत आणि रात्री दोनला अभ्यासासाठी उठवत. शांतता तेव्हाच मिळे. आजही अनेक घरांत एकच खोली आहे, टीव्ही आहे, पाहुणे आहेत. अशा घरात एक ठरलेली वेळ आणि मोबाइल नसलेला एक कोपरा एवढे जरी घरच्यांनी जपले तरी पुष्कळ होते. वॉर्डावॉर्डात चांगल्या अभ्यासिका हव्यात, ही मागणीही आपण सोडता कामा नये.

बोर्डाची परीक्षा आता फेब्रुवारीतच सुरू होते. घरी दहावीचे मूल असेल तर ‘किती तास बसलास?’ असे विचारू नका. रात्री जेवताना म्हणा, ‘आज जे वाचलंस ते मला सांग.’ तुम्हाला विषय येत नसला तरी चालेल, नुसते ऐका. अडखळले तर रागावू नका. ताट बाजूला झाले की पुस्तक आणायला सांगा.