हरलेल्यांना काय सांगावे?

काही दिवसांपूर्वी आमच्या बेळगावच्या तरुण संघात बोलण्याची पाळी माझ्यावर आली. विषय दिला होता 'अपयश'. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना ठाऊकच आहे की, या विषयाला दाखल्यांचा तुटवडा कधी पडत नाही. मी अमेरिकेतील एका कॉलेज-संघाचा दाखला निवडला. तो सांगून घरी आलो तेव्हा मनाला जी रुखरुख लागली, तिनेच हा लेख लिहावयास लावले आहे.

दाखला असा. व्हर्जिनिया विद्यापीठाचा पुरुषांचा बास्केटबॉल संघ २०१७-१८ च्या हंगामात ३१ सामने जिंकला होता व अवघे दोन हरला होता. तिकडे मार्च महिन्यात कॉलेजांची राष्ट्रीय बाद फेरी भरते. संघांचे चार विभाग पाडतात, व प्रत्येक विभागात गुणवत्तेप्रमाणे पहिल्यापासून सोळाव्यापर्यंत क्रम लावतात. पहिल्याची गाठ सोळाव्याशी पडते. १९८५ पासून पुरुषांच्या स्पर्धेत अशी गाठ १३५ वेळा पडली होती, व १३५ ही वेळा पहिलाच जिंकला होता. १६ मार्च २०१८ रोजी शार्लट येथे पहिल्या क्रमांकाच्या व्हर्जिनियासमोर मेरीलँड विद्यापीठाचा बॉल्टिमोर काउंटी येथील संघ उभा राहिला. मध्यंतरास दोघांचे गुण २१-२१. त्यानंतर, बचावासाठी ज्यांची देशभर वाखाणणी झाली होती त्याच मुलांनी उरलेल्या अर्ध्या खेळात ५३ गुण दिले. सामना ७४-५४ असा गेला. असा पराभव पूर्वी कोणाच्या वाट्यास आला नव्हता.

पुढल्या वर्षी प्रशिक्षक तेच, टोनी बेनेट, व मुलेही बहुतेक तीच. ८ एप्रिल २०१९ रोजी मिनीॲपोलिस येथे त्यांनी टेक्सस टेकला जादा वेळेत ८५-७७ असे हरवले व विद्यापीठाच्या इतिहासातील बास्केटबॉलचे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले.

उपदेशकाला याहून आणखी काय हवे? मी आवाज चढवला, मध्येच थांबलो, पुन्हा खाली आणला. मुले कान देऊन ऐकत होती. शेवटी प्रश्न विचारा म्हटले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. हा पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षात दोनदा बसलेला; दोन्ही वेळा गणित राहिले. तो म्हणाला, "काका, २०१९ सालीही ते हरले असते, तर तुम्ही त्यांची गोष्ट आम्हाला सांगितली असती का?"

मी काहीतरी बोललो. ते येथे लिहिण्यासारखे नाही. खरे उत्तर 'नाही' असे होते, आणि त्या मुलाला ते माझ्या चेहऱ्यावरून कळले असावे.

घरी येऊन मी त्या २०१९ च्या सामन्यांची हकिकत पुन्हा वाचून काढली. विभागाच्या अंतिम सामन्यात परड्यूविरुद्ध वेळ संपतासंपता मामादी डियाकिटेने चेंडू बास्केटमध्ये घातला म्हणून बरोबरी झाली व जादा वेळ मिळाला. उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध दोन गुण कमी असताना, सेकंदाचे सहा दशांश उरले असताना, पंचाची शिट्टी वाजली. काइल गायला तीन फ्री थ्रो मिळाले, तिन्ही त्याने घातले, सामना ६३-६२. त्याच सामन्याच्या शेवटच्या क्षणांत व्हर्जिनियाच्या हातून ड्रिब्लिंगची एक चूक झाली होती, ती पंचांच्या नजरेतून सुटली. अंतिम सामन्यातही डिआंड्रे हंटरने अखेरच्या काही सेकंदांत तीन गुण मिळवले नसते तर खेळ तेथेच आटोपला असता. म्हणजे माझा सारा उपदेश एका शिट्टीवर उभा होता! ती वाजली नसती तर तीच मुले, तेच कष्ट, तीच रात्ररात्रीची सरावाची सवय. पण माझ्या व्यासपीठावर त्यांना जागा नव्हती.

आणि पुढचेही सांगावयास हवे. २०२१ साली व्हर्जिनिया त्याच स्पर्धेत पहिल्याच सामन्यात ओहायोकडून हरली. २०२३ साली फर्मनकडून ६८-६७ अशी, पुन्हा पहिल्याच सामन्यात. २०२४ च्या ऑक्टोबरात बेनेट निवृत्त झाले. दाखला सांगताना आपण पडदा कोठे पाडावयाचा ते आधीच ठरवून ठेवतो. मी तो २०१९ वर पाडला होता.

हंगाम वाया गेला की लोक लगेच पुढल्या हंगामाचा हिशेब मांडतात. कोण पदवी घेऊन जाणार, कोण दुखापतीतून उठणार, नवे कोण येणार. हा हिशेब वाईट नाही. २०१८ च्या त्या स्पर्धेआधी मनगट मोडल्यामुळे हंटर खेळू शकला नव्हता. तो परत येईल, संघ बळकट होईल, हे कोणीही सांगू शकत होता. पण हे झाले अनुमान. हरलेल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून आपण "पुढल्या वर्षी नक्की" म्हणतो, तेव्हा अनुमान सांगत नसतो. दुसऱ्याच्या नावाने हुंडी लिहून देत असतो, आणि ती वटवण्याची ऐपत आपल्याकडे नसते. मुलगा ती हुंडी विश्वासाने खिशात ठेवतो.

आपल्या भाषेत अपेक्षा 'ठेवतात' आणि आशा 'धरतात'. ठेवलेली वस्तू ज्याच्या डोक्यावर ठेवली त्याला तिचा भार होतो. धरलेली वस्तू धरणाऱ्याच्या हातात असते. व्हर्जिनियाच्या मुलांवर देशाने अपेक्षा ठेवली होती, म्हणून ३१ विजयांचा हंगामही 'निराशाजनक' ठरला. निराशा कोणाची? ज्यांनी भार ठेवला त्यांची. मुलांचे दुःख निराळे होते, व ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

त्याच शोधात मला दुसरा एक संघ सापडला, तो मात्र दाखल्यांच्या वहीत बसत नाही. कॅलिफोर्नियातील पॅसडीना येथील 'कॅलटेक' ही शास्त्र शिकवणारी नामांकित संस्था. तेथे खेळाडूंसाठी शिष्यवृत्ती नाही; प्रवेश अभ्यासावर. तिच्या बास्केटबॉल संघाने आपल्या गटातील सामना १९८५ च्या जानेवारीत जिंकला, आणि त्यानंतर गटातील ३१० सामने एकापाठोपाठ हरला. सव्वीस वर्षे! विद्यार्थी चार वर्षांनी बाहेर पडतो. म्हणजे मुलांच्या सहा पिढ्या आल्या, घामाघूम झाल्या, पदवी घेऊन गेल्या, व गटातील एकही विजय त्यांनी पाहिला नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलाला 'पुढल्या वर्षी' हा शब्दच लागू पडत नव्हता. शिवाय ही सारी गणिती मुले; शक्यता किती ते त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळत होते. तरी संध्याकाळी ती सरावाला येत.

२२ फेब्रुवारी २०११ रोजी हंगामाच्या शेवटच्या सामन्यात कॅलटेकने ऑक्सिडेंटल कॉलेजला ४६-४५ असे हरवले. एका गुणाने, एका फ्री थ्रोने.

पाहा, मीही अखेर विजयावरच येऊन थांबलो. सवय जात नाही. पण १९९५ साली पदवी घेऊन गेलेल्या मुलाला त्या एका गुणाने काय मिळाले? मला वाटते, काहीच नाही. आणि त्याची चार वर्षे खरी ठरण्यासाठी तो गुण लागतही नव्हता. आपल्याकडे कापणीच्या सणाला निरनिराळे उतारे वाचले जातात, पण हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवट त्या दिवशी वाचलेला मी फारसा ऐकलेला नाही. कारण उघड आहे. त्यात शेवटी पीक आल्याचे कोठे लिहिलेले नाही.

या खेळाच्या जनकाची गोष्टही आपल्या वाचकांनी ऐकण्यासारखी आहे. जेम्स नेस्मिथ हे कॅनडातले, ईश्वरविद्येचे शिक्षण घेतलेले. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षणशाळेत, थंडीमुळे आत कोंडलेल्या तरुणांसाठी त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या टांगून हा खेळ काढला. पुढे ते कॅन्सस विद्यापीठात प्रशिक्षक झाले. त्यांच्या कारकिर्दीत संघ ५५ सामने जिंकला व ६० हरला. विजयांपेक्षा पराभव अधिक असलेला त्या विद्यापीठाचा हा एकमेव प्रशिक्षक! तरी तेथील खेळाच्या अंगणाला आज त्यांचेच नाव आहे.

यावरून कोणी असे समजू नये की, हरणे आणि जिंकणे सारखेच, असे मुलांना सांगावे. तसे सांगणारा शिक्षक खोटे बोलतो, आणि मुलांना ते तत्क्षणी कळते. बेनेट यांनी त्या रात्री पत्रकारांसमोर बसून, आपला संघ सर्व बाजूंनी कमी पडला, समोरचे सरस खेळले, असे सरळ कबूल केले. सबब सांगितली नाही, आणि पुढल्या वर्षीचे वचनही दिले नाही. मी २०१९ चा अंतिम सामना सांगितला. सांगावयाची होती ती ही बैठक.

गेल्या रविवारी उपासनेनंतर मी त्या मुलाला अंगणात गाठले. म्हटले, "तुझ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. मी सांगितली नसती." तो हसला. "माहीत होतं, काका," म्हणाला. मार्चमध्ये तो तिसऱ्यांदा बसणार आहे. पास होशील, असे मी म्हटले नाही. कोणता भाग अडतो, एवढे विचारले. त्याने वही काढली व इंटिग्रेशनची तीन पाने उघडून दाखवली. मला त्यातले ओ की ठो कळले नाही. आमच्या मंडळीत एक निवृत्त गणितशिक्षक आहेत. ते गुरुवारी संध्याकाळी मोकळे असतात. तो व मी दोघेही त्यांच्याकडे जाणार आहोत.