अपक्ष म्हणजे कुणाचा?

दोस्तांनो, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं. कागदावर सगळेच अपक्ष. मग आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या बौद्धवाडीतला एखादा पोरगा म्हणतो, ‘अपक्ष उभा राहतो, पंचायतीच्या पैशावर पहारा ठेवतो,’ तेव्हा मी विचारतो : बाबा, तू अपक्ष म्हणजे कुणाचा?

कुणी म्हणेल, पहाऱ्याला खुर्ची कशाला? माहितीचा अधिकार 2005 पासून सर्वांना आहे. खरंय. पण मागाहून कागद मागणं वेगळं आन् ठराव होतानाच अडवणं वेगळं. पंचायतीनं उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चायचे असतात. ते आपल्या पाखाडीला लागणार की नुसते वहीत दिसणार, हे खर्चाआधी विचारायला आत माणूस पाहिजे.

पण आत गेलेला माणूस बदलतो. बाबासाहेबांचं मूळ गाव आपल्याच मंडणगडातलं आंबडवे. 1925 साली त्यांचा प्रांतिक जमाखर्चावरचा ग्रंथ निघाला. 1949 मध्ये घटना समितीत ते महालेखापरीक्षकाला घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हणाले. त्या अधिकाऱ्याला पद सोडल्यावर दुसरं सरकारी पद घेता येत नाही. घटनेनं पुढचं आमिषच तोडलं.

आपल्या पोराला असं कलम नाही. ते त्यानं स्वतःवर लावायचं : ठेका घेणार नाही, भावकीला देणार नाही, रोकडवही ग्रामसभेत वाचीन. गिरणीत कापड आम्ही विणतो, तपासणारा दुसरा असतो. पहारेकऱ्यालाही तपासणारी वाडी पाहिजे. वाडीला जबाब न देणारा स्वतंत्र नव्हे, नुसता मोकाट. म्हणून अर्ज भरण्याआधी हे वाडीच्या बैठकीत लिहून द्या.

जय भीम.