मोळीचा परवाना

‘लाकूड हवेच असेल तर रीतसर परवाना काढावा, अडवलेय कोणी?’ चोपडा, यावल, रावेरच्या पट्ट्यात जळणाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुधा भला माणूस असतो आणि त्याच्या घरी गॅस असतो. प्रश्न वरवर इतका वाजवी आहे की त्याला उत्तर द्यायचे राहून जाते, आणि तो सलत राहतो. उज्ज्वला योजना 2016 साली आली, शेगड्या घरोघर पोचल्या. पण सिलिंडर भरून आणायला एकरकमी रोकड लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्याच्या शेतात कापूस आणि तूर आहे त्याच्याकडे पऱ्हाट्या-तुऱ्हाट्या असतात. ज्याच्याकडे शेतच नाही अशा भिल्ल, पावरा, तडवी कुटुंबाला जळणासाठी डोंगरच उरतो. त्या घरातल्या बाईने एका मोळीसाठी एक दिवसाची मजुरी बुडवून कचेरीत अर्ज द्यायचा असेल, तर त्या परवान्याची किंमत मोळीहून जास्त होते. अडवले कोणी, याचे एक उत्तर हे.

दुसरे उत्तर कायद्यात आहे. चुलीचे लाकूड वेगळे आणि वखारीचे लाकूड वेगळे, हा फरक मला या सगळ्या वादाचा गाभा वाटतो. चुलीला काटक्या, वाळकी फांदी, झुडपांचे सरपण पुरते. वखारीला सरळ बुंधा लागतो. 1878 च्या आणि नंतर 1927 च्या वन कायद्याने राखीव जंगलांवर जी नजर ठेवली ती वखारीची होती. सागाचे ओंडके सरकारच्या हातून निसटू नयेत म्हणून केलेल्या कलमांत काटकीही ‘वनोपज’ म्हणून सापडली. म्हणून कलम 26 खाली परवानगीवाचून वनोपज नेणारा, मग तो ट्रक भरणारा असो की डोक्यावर भारा घेतलेला, गुन्हेगारच ठरतो. यावल अभयारण्यात, म्हणजे सुमारे 177 चौरस किलोमीटर जंगलात, गाठ आणखी पक्की होते. 1972 च्या वन्यजीव कायद्याचे कलम 29 आसपासच्या लोकांची घरगुती गरज मान्य करते, विक्रीला मनाई करते. पण परवानगीचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाकडे आणि त्यांची कचेरी नागपूरला. गरज अभयारण्यालगतच्या पाल गावाला आणि सही नागपूरला, अशी ही रचना आहे.

यावर आपला सज्जन म्हणतो: एका मोळीने जंगल जात नाही हे खरे, पण शेकडो मोळ्यांनी गावाकडची कड उघडी पडते, मोजमाप नको का? मोजमाप हवे, यात शंका नाही. परवान्याने मात्र मोजले जाते ते दिलेल्या परवानग्यांचे. डोंगरातून किती जळण गेले आणि वर्षात किती नवे वाढले, याचा आकडा त्या कागदावर कुठेच उमटत नाही. ज्याच्याकडे परवाना नाही तो दिवसाउजेडी वाळकी फांदी मोडत नाही. अंधारात हाताला लागेल ते तोडतो. म्हणून चुलीपुरत्या वाळक्या लाकडाला परवानाच नको, ते सरळ मोकळे करावे, असे म्हणणे मला सर्वांत स्वच्छ वाटत आले.

इथे जरा आडवाटेने जायला हवे. रानपिंगळा नावाचे छोटे घुबड खानदेशात 1884 मध्ये टिपले गेले आणि मग नाहीसे झाले. पक्षितज्ज्ञांनी ते नामशेष मानले होते. 113 वर्षांनी, नोव्हेंबर 1997 मध्ये, पक्षी-अभ्यासक पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते शहाद्याजवळ दिसले. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. हा पक्षी जमिनीवर घरटे करत नाही, नवे झाडही त्याला चालत नाही. त्याला जुन्या झाडाची ढोली लागते. वठलेला सालई आपल्याला निव्वळ सरपण दिसतो, त्याच्या दृष्टीने तो घर आहे. वाळकी लाकडे कुजून मातीत जातात, त्यांतल्या किड्यांवर सुतारपक्षी जगतो, त्याने कोरलेल्या पोकळीत दुसरे कोणी राहते. म्हणजे वाळके म्हणून मोकळे, हा माझा नियम जंगलाला परवडणारा नाही. आणि त्याच क्षणी ‘परवानाच नको’ ही भूमिकाही सुटते. कोणते वठलेले झाड उभे ठेवायचे आणि कोणता भाग दोन वर्षे बंद ठेवायचा, हे कोणीतरी ठरवलेच पाहिजे.

तेव्हा परवाना राहावा, देणारा बदलावा. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने हे करून दाखवले आहे. तिथे गावाने सुमारे चारशे हेक्टर जंगल राखले, तोडीवर स्वतःच नियम आणि दंड बसवले. तिथल्या चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली ती या कामासाठी. ते नियम लोक पाळतात, कारण उद्या कुठे जळण मिळेल याचा हिशोब ते स्वतः करतात. 2006 च्या वनहक्क कायद्याने हा अधिकार ग्रामसभेला दिलाही आहे: निस्तार म्हणजे घरगुती गरजेचे हक्क, झुडपी लाकूड आणि खुंटांवरची मालकी, सामूहिक वनाचे व्यवस्थापन. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचे पुस्तक मिळाले. मग मोळीची चिठ्ठी देण्यात अवघड काय आहे?

अवघड आहे ते गावातच. ग्रामसभेवर बागायतदाराचा शब्द चालला, तर ज्याच्या घरी पऱ्हाट्यांचा ढीग आहे तोच डोंगर बंद करण्याचा ठराव करील, आणि भूमिहीन बाईची मोळी वनखात्याऐवजी गावच अडवील. हा धोका मला नागपूरच्या सहीइतकाच खरा वाटतो. वनहक्क कायद्याच्या 2012 च्या सुधारित नियमांत ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. जळणाच्या निर्णयाला एवढे पुरत नाही. कोणती कड कधी बंद ठेवायची हे ठरवणाऱ्या समितीत मोळी वाहणाऱ्या बायांचे बहुमत असावे, आणि ती बैठक मजुरीच्या वेळेत घेऊ नये.