कच्चे मडके

तेरच्या गोरोबाकाकांची ती कथा आमच्या धाराशिव जिल्ह्यात लहान मुलासही ठाऊक असते. गोरोबांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी तेथे पडलेल्या थापटण्याकडे बोट दाखवून, हे कशासाठी, असे विचारले. याने मडके कच्चे की पक्के ते कळते, असे गोरोबांनी सांगितले. तेव्हा देहधारी माणसे म्हणजेही मडकीच, आमचीही परीक्षा होऊन जाऊ द्या, असा आग्रह मुक्ताबाईंनी धरला. गोरोबांनी थापटणे उचलून एकेकाच्या मस्तकावर मारले. इतर सारे शांत राहिले. नामदेव तेवढे रागावले, आणि त्यांचे मडके कच्चे ठरले. ही कथा परंपरेने चालत आलेली आहे. तिच्या ऐतिहासिकतेचा वाद येथे आम्हांस घालावयाचा नाही.

मागे एकदा वर्गात आम्ही सहज विचारले, "त्या दिवशी कच्चे मडके कोणाचे निघाले?" साऱ्या वर्गाने एका तोंडाने नामदेवांचे नाव घेतले. "बरे, पक्की कोणाकोणाची निघाली?" येथे मात्र वर्ग घुटमळला. कोणी ज्ञानेश्वरांचे नाव घेतले, कोणी चाचरत निवृत्तिनाथांचे; त्यापुढे गाडी सरकेना. खरे सांगावयाचे तर, प्रश्न विचारणाऱ्यासही सारी नावे खात्रीने सांगता आली नसती. परीक्षा सर्वांची झाली. स्मरणात राहिला तो एकटा अनुत्तीर्ण. इतकेच नव्हे, तर हेच नामदेव पुढे विसोबा खेचरांस शरण गेले, आणि त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट झाली, हा या कथेचा उत्तरार्ध 'कच्चे मडके' या दोन शब्दांइतका कोणाच्याही जिभेवर नसतो.

परदोष चटकन दिसावे आणि परगुण दिसू नयेत, असे का व्हावे? या प्रश्नास मत्सर हे उत्तर देण्याची वहिवाट आहे. दुसरा खाली गेला की आपण न चढताच उंच दिसतो, हे खरेच. परंतु एवढ्याने आमचे समाधान होत नाही. आईस आपल्या मुलाचा मत्सर वाटत नाही. तरीही त्याच्या गुणपत्रिकेवरील पाच चांगले आकडे ओलांडून तिची दृष्टी प्रथम सहाव्या, कमी आकड्यावर जाऊन पडते. शेकडो वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या नामदेवांशी आमच्या विद्यार्थ्यांची काय स्पर्धा असणार? जेथे मत्सरास जागा नाही तेथेही दोष आधी दिसतो. यास्तव कारण आणखी खोल शोधले पाहिजे.

त्याचा एक धागा ॲडम स्मिथ याच्या 1759 साली प्रसिद्ध झालेल्या नीतिविषयक ग्रंथात सापडतो. न्याय हा बहुतेक प्रसंगी अभावरूप सद्गुण होय, कारण स्वस्थ बसून व काहीही न करता त्याचे सर्व नियम पुष्कळदा पाळता येतात, असा त्याचा अभिप्राय आहे. हाच विचार पुढे नेला तर असे दिसेल की, मनुष्याचा बहुतेक चांगुलपणा न घडलेल्या गोष्टींचा असतो. शेजाऱ्याने बांध कोरला नाही, दुकानदाराने माप मारले नाही, याची बातमी होत नाही. न गळणारे मडके पाणी धरून कोपऱ्यात मुकाट्याने उभे असते. गळके मडके सारे घर जागे करते. गुण ही स्थिती आहे आणि दोष ही घटना आहे. आणि मन घटनेकडेच धावते.

अर्वाचीन मानसशास्त्रानेही यास दुजोरा दिला आहे. जितक्या लाभाने आनंद होतो त्याहून तितक्याच हानीचे दुःख मनास अधिक जाणवते, असे कानेमान व ट्वर्स्की यांनी 1979 साली मांडले. 2001 साली बाउमायस्टर प्रभृतींनी अनेक प्रयोगांचा आढावा घेऊन, चांगल्यापेक्षा वाईटाचा ठसा मनावर अधिक खोल उमटतो, असा निष्कर्ष काढला. ज्याने दोरीस साप मानले तो व्यर्थ घाबरला, पण जगला. ज्याने सापास दोरी मानले तो उरलाच नाही. आपण पहिल्याचे वंशज आहो.

तेव्हा दोष पाहणारी दृष्टी मुळात पाप नव्हे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जो भूकंप झाला, त्यात सात हजारांहून अधिक माणसे गेली. किल्लारीपासून सास्तूरपर्यंत दगडमातीच्या जाड भिंतींची आणि मातीच्या जड माळवदांची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्या भिंतींतील दोष कोणी वेळीच जोखला असता, तर त्यास निंदक कोण म्हणाले असते? ज्या समाजास दोष दाखविणारा सहन होत नाही, तो अशाच भिंतींखाली निजलेला असतो.

मग आमची तक्रार तरी कशाविषयी? आमचे थापटणे आणि गोरोबांचे थापटणे यांत अंतर आहे, त्याविषयी. कुंभार सर्वच मडकी वाजवून पाहतो. आम्ही ज्याविषयी संशय किंवा राग असेल तेवढेच वाजवितो. पक्क्या मडक्याचा खणखणीत नाद ज्याच्या कानात बसलेला नाही, त्यास कच्च्याचा बद आवाज ओळखताच येणार नाही. म्हणून कुंभारास आधी गुण ऐकावा लागतो. आणि कच्चे ठरलेले मडके घडविणारा ते पुन्हा आव्यात घालू पाहतो. आम्ही ते चव्हाट्यावर मांडून मोकळे होतो. गोरोबांच्या परीक्षेनंतर नामदेवांस गुरू मिळाला. आमच्या परीक्षेनंतर माणसास काय मिळते?

याचे उत्तर आम्हांस आमच्याच महाविद्यालयात मिळाले. तेथे घंटा देणारे एक शिपाई होते. विद्यार्थी त्यांस मामा म्हणत. अठ्ठावीस वर्षे त्यांनी घंटा दिली. वर्षाचे दोनशे दिवस व दिवसाच्या आठ घंटा धरल्या तरी ही संख्या पंचेचाळीस हजारांच्या घरात जाते. त्यांच्या निरोपसमारंभात आम्हांस चार शब्द बोलण्याची विनंती झाली. उभे राहिलो, आणि काही केल्या दुसरे काही आठवेना. आठवला तो एकच दिवस, ज्या दिवशी घंटा दहा मिनिटे उशिरा झाली होती आणि आम्ही लेखी तक्रार केली होती. तोच प्रसंग आम्ही विनोदाने सांगितला. सभा हसली.

समारंभानंतर मामा जवळ आले आणि हात जोडून म्हणाले, "सर, आठ जुलै होता तो. सोमवार. त्यानंतर एकदाही उशीर होऊ दिला नाही मी."

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीतून त्यांच्याही मनावर तारीखवार कोरला गेला होता तो हाच दिवस. आम्ही त्यांचा दोष पाहिला, एवढ्यावरच आमचा अपराध थांबला नव्हता. स्वतःकडे पाहण्यासाठी आम्ही त्यांच्या हाती तेवढे एकच भिंग दिले होते. त्या तक्रारीनंतरच्या हजारो वेळेवर झालेल्या घंटांविषयी एक ओळ लिहिण्यास आम्हांस कोणी अडविले नव्हते. दोष आपण होऊन डोळ्यांत शिरतो. गुण मात्र मोजावा लागतो, आणि मोजण्याचे कष्ट आम्ही घेतले नव्हते.

मनाची घडण एका जन्मात पालटत नाही, आणि आमचीही पालटलेली नाही. परंतु तेव्हापासून आम्ही एक नियम पाळण्याचा यत्न करतो: कोणाविषयी तक्रारीची एक ओळ लिहिण्यापूर्वी, त्याच्या ज्या घंटा वेळेवर झाल्या त्यांचा हिशेब आधी कागदावर मांडावयाचा. तक्रार तरीही करावी लागते. क्वचित ती करणे कर्तव्यच असते. मात्र हिशेब मांडून होईपर्यंत हातातील थापटणे पुष्कळदा आपोआप हलके होते. आणि कधी कधी, ते प्रथम आपल्याच मस्तकावर मारून पाहावे, असेही वाटू लागते.