फुकटाचा भाव



खामगावच्या बाजार समितीत शेतकरी सोयाबीन घेऊन जातो. हर्रास त्याच्या डोळ्यांदेखत होतो, बोली त्याला ऐकू येते. भाव पटला नाही तर माल परत नेण्याचा हक्क त्याला असतो.

आपल्या मोबाईलवरही असाच हर्रास चालतो. आपण फेसबुक किंवा इन्स्टाग्राम उघडतो, तेव्हा कोणाची जाहिरात दाखवायची हे जाहिरातदारांच्या बोलींवरून आणि आपल्या आवडीनिवडींवरून संगणक क्षणार्धात ठरवतो. आपल्याकडून पैसा घेतला जात नाही. तरीही या दोन्हींची मालक असलेल्या मेटा कंपनीचे २०२४ सालचे उत्पन्न १६४ अब्ज डॉलरहून अधिक होते आणि ते जवळजवळ सारे जाहिरातींचे होते. मग या हर्रासात माल कोणता? आपले लक्ष.

स्पर्धा वाढली की गिऱ्हाइकाचा फायदा होतो, असे आपण म्हणतो. येथे तसे होत नाही. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. जुलैमध्येच इन्स्टाग्रामने भारतात ‘रील्स’ आणले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने ‘शॉर्ट्स’. सेवा आधीच फुकट, त्यामुळे किंमत कमी करायला जागा नाही. चढाओढ असते ती आपल्याला जास्त वेळ कोण धरून ठेवतो याची.

मोबाईल वाईट आहे, असे नाही. पुण्यात शिकणाऱ्या मुलीचा चेहरा आपल्याला त्यावरच दिसतो. छोट्या दुकानदारालाही त्यावर गिऱ्हाईक मिळते. जाहिरात करणे हे काही पाप नव्हे. प्रश्न वेगळाच आहे: जे विकले जाते, ते आपल्या एकट्याचे असते का?

सोयाबीन शेतकऱ्याचे असते. लक्षावर मात्र आपल्या माणसांचाही हक्क असतो. आई गुडघ्याचे दुखणे सांगत असते आणि आपण मान वर न करता ‘हं’ म्हणतो, तेव्हा तिचा वाटा विकला गेलेला असतो. हा माल परत घरी आणता येत नाही. गर्दीत एका आजारी स्त्रीने वस्त्राला स्पर्श केला, तेव्हा प्रभू येशू घाईत असूनही तिच्यासाठी थांबला, हे आपण जाणतोच.

आज रात्री जेवताना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवू या. त्याने कंपनीचे काही बिघडणार नाही. पण शेजारी जेवणाऱ्याला त्याचा वाटा मिळेल.