पर्वत कोणाचा?

हिंस्र पशूंचे रक्षण करणे हा धर्म होऊ शकतो काय, असा प्रश्न पुष्कळ सज्जनांच्या मनात उद्भवतो. मेंढी, शेळी, वासरू अशा निरुपद्रवी जीवांना जो फाडून खातो, त्याला अभय देणे म्हणजे हिंसेलाच अभय देणे नव्हे काय? ही शंका प्रामाणिक आहे. म्हणून तिचा शांतपणे विचार केला पाहिजे.

हिमालयातील व्यवस्था प्रथम पाहावी. खालच्या वनांत वाघ, मधल्या उतारांवर बिबट्या, आणि वृक्ष संपून खडक व हिम सुरू होते तेथे हिमबिबट्या, अशी स्थूल वाटणी तेथे दिसते. परंतु या सीमा एकमेकींत मिसळलेल्या आहेत. अरुणाचल प्रदेशातील दिबांग खोऱ्यात साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवरही वाघ आढळला आहे. २०१९ ते २०२३ या काळात झालेल्या देशातील पहिल्या व्यापक गणनेनुसार भारतात ७१८ हिमबिबटे असावेत. त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखात आहेत. एवढ्या विशाल पर्वतराजीत ही संख्या अल्पच म्हटली पाहिजे.

आता मूळ शंकेकडे वळू. कोंडवाड्यात शिरलेला हिमबिबट्या एका रात्रीत अनेक मेंढ्या मारतो, हे खरे आहे. परंतु पशूला धर्माधर्माचा विवेक नाही. तो प्रकृतीने नेमलेले कर्म करतो. विवेक मनुष्याला दिला आहे, म्हणून जबाबदारीही मनुष्याचीच. हिमबिबट्याचे स्वाभाविक भक्ष्य म्हणजे भरल आणि आयबेक्स हे रानटी प्राणी. पाळीव कळप बेसुमार वाढले की कुरणे उजाड होतात, रानटी प्राणी घटतात, आणि भुकेला श्वापद गोठ्याकडे वळते. मग अपराधाचा आरंभ नेमका कोठे झाला? पश्मीन्याची मागणी वाढते तेव्हा शेळ्यांचे कळपही वाढतात. दूरच्या नगरात शाल पांघरणारा सद्गृहस्थ या साखळीबाहेर आहे, असे कसे म्हणता येईल?

येथे दुसरा, अधिक कठीण प्रश्न उभा राहतो. श्वापद वाचावे अशी इच्छा सर्वांची. पण मेंढी जाते ती एका मेंढपाळाची. दुसऱ्याच्या पदराला खार लावून केलेली भूतदया ही दया नव्हे, तो केवळ मनाचा विलास होय. स्पीती खोऱ्यातील किब्बर गावाने या बाबतीत अनुकरणीय मार्ग दाखविला आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस तेथील ग्रामस्थांनी आपल्या कुरणाचा काही भाग चराईसाठी बंद केला. तेथे भरलांची संख्या वाढली. पुढे त्यांनी वर्गणी भरून गुरांचा सामाईक विमा सुरू केला. त्यामुळे एकाची हानी सर्वांनी वाटून घेतली. अन्यत्र कोंडवाड्यांवर भक्कम जाळ्या बसविल्याने मेंढ्याही वाचल्या आणि सूडापोटी होणारा श्वापदाचा वधही टळला.

महाभारताच्या उद्योगपर्वात वन आणि व्याघ्र परस्परांचे रक्षण करतात, असा दृष्टान्त विदुराने धृतराष्ट्रापुढे ठेवला आहे. व्याघ्र गेले की वन तोडले जाते, आणि वन गेले की व्याघ्र मारले जातात, हा त्याचा आशय. दृष्टान्त कौरव-पांडवांसाठी होता. पण आज तो अक्षरशः खरा ठरतो. ज्या हिमशिखरांवर हिमबिबट्या वावरतो, तेथूनच उत्तरेच्या महानद्यांना जल मिळते आणि कोट्यवधी गृहस्थांची चूल पेटते.

गीतेने सर्वभूतहिताचा उपदेश केला, त्यात रुचेल तेवढेच भूत निवडण्याची सवलत ठेवलेली नाही. हिमबिबट्या आणि मेंढपाळ, दोघेही त्या 'सर्व' शब्दात येतात. म्हणून एकाचे रक्षण करताना दुसऱ्याच्या हानीचा वाटा उचलणे, आणि वस्तू विकत घेताना तिची किंमत पर्वतावर कोणी चुकविली याचा विचार करणे, हे घरी बसलेल्या गृहस्थाचेही कर्तव्य ठरते.