स्वर्गीयांचं मानधन

कार्यक्रमाला बोलावण्यासाठी स्वर्गीय कलावंतासारखा सोयीचा कलावंत दुसरा नाही. त्याला मानधन नको, पहिल्या वर्गाचं भाडं नको, ऐन वेळी त्याचा घसा बसत नाही आणि ‘माझ्या आधी अमक्याला का बसवलंत?’ म्हणून तो रुसतही नाही. एक फोटो, एक हार आणि पंख्याखाली विझणार नाही अशी समई, एवढ्यावर भागतं. शिवाय अध्यक्षांची मोठीच सोय. ‘ते मला धाकटा भाऊ मानीत’ असं अध्यक्षांनी ठोकून दिलं, तर ‘हे गृहस्थ कोण?’ असं विचारायला हारातला माणूस काही उठत नाही.

ह्यात मला पुष्कळ वर्षं एक नैतिक अडचण दिसत आली आहे. ज्याच्या नावानं हे सारं चालतं त्याला त्यातलं काहीच पोचत नाही. मग आपण श्रद्धांजली वाहतो ती नक्की कुणाला? आणि ती भलत्यालाच जात असेल, तर ही एक सभ्य लबाडीच नाही का? दहाव्याला निदान कावळा असतो. तो पिंडाला शिवतो किंवा शिवत नाही, पण काय तो निकाल देतो. नाहीच शिवला तर मंडळी ‘धाकटीचं लग्न आम्ही करू’, ‘गावचं घर विकणार नाही’ अशी एकेक कबुली देत जातात. श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला असा परीक्षक नसतो. असता, तर कित्येक कार्यक्रमांचे प्रेक्षक अजून सभागृहातच बसून असते.

आमच्या तात्यांनी बालगंधर्वांना प्रत्यक्ष ऐकलं होतं. बालगंधर्व 1967 च्या जुलैत गेले. त्यानंतर त्यांची पदं गाणारा कुणीही गावात येवो, तात्या पहिल्या रांगेत हजर. आणि पहिली तान संपायच्या आत मान हलवून म्हणायचे, “छे! ते नव्हे.” दर वर्षी ‘ते नव्हे’ ऐकायला, तेही तिकीट काढून, हा माणूस का जातो हे आमच्या आईला कधी कळलं नाही. “ते नव्हे तर घरी बसा,” असं ती म्हणे. तात्या काही घरी बसत नसत.

तात्यांचं हे कोडं मला थोडंफार उलगडलं ते फार लांब, हाँगकाँगमध्ये. 2014 साली आम्ही उभयता मुलीकडे गेलो होतो. ते वर्ष कँटनी संगीत नाटकातल्या याम किम-फाय ह्यांच्या पंचविसाव्या स्मृतीचं. कँटनी संगीत नाटक म्हणजे आपल्या संगीत नाटकाचं दूरचं चुलत भावंड म्हणा. गद्य आहे, पद्य आहे, जरीचे कपडे आहेत, रंगवलेले चेहरे आहेत. वर लढाया आणि कोलांट्या आहेत, त्या आपल्याकडे नाट्यसंस्थेच्या सर्वसाधारण सभेत होतात. 2009 साली युनेस्कोनं त्याला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातलं.

बालगंधर्व पुरुष असून स्त्रिया होत. याम बाई स्त्री असून पुरुष होत. राजबिंडा विद्वान, हळवा प्रियकर, सारे नायक त्यांचे. ‘नाटकवेड्यांचा प्रियकर’ हे त्यांचं टोपणनाव. मोलकरणी, कारखान्यातल्या मुली, बऱ्या घरच्या गृहिणी सगळ्या त्यांच्यावर फिदा. ही बाई आहे हे प्रत्येकीला ठाऊक होतं आणि एकीचंही त्यावाचून अडलं नाही. समोर नायिका बाक स्युत-सिन, नाटकं लिहायला तोंग तिक-सांग. 1956 साली काढलेल्या त्यांच्या मंडळीनं जी नाटकं केली ती हाँगकाँगला अजून तोंडपाठ आहेत. तीनशेहून अधिक चित्रपट करून याम बाई 29 नोव्हेंबर 1989 रोजी वारल्या.

त्या वर्षी बाक स्युत-सिन ह्यांच्या देखरेखीखाली मोठा स्मृतिप्रयोग होता. शिष्या चान पो-चू नायक, मुई स्युत-सी नायिका. त्याची तिकिटं आम्हांला मिळाली नाहीत. आमच्या जावईबापूंनी मात्र कुठल्याशा हौशी गायक मंडळाच्या श्रद्धांजली-संध्येचे तीन पास आणले. ते मिळाले शेजारच्या आजींकडून. तिकडे आजीला ‘पोपो’ म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो. फुकट पास म्हटल्यावर सौ.नं जी नजर माझ्याकडे टाकली तिचा अर्थ भारतात आणि चीनमध्ये एकच.

हे हौशी मंडळांचं प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. तिथे गाणारा पैसे घेत नाही, देतो. सभागृहाचं भाडं, वादकांची बिदागी आणि बहुधा श्रोत्यांचे पाससुद्धा गाणाऱ्याच्या खिशातून. त्यामुळे प्रत्येक गायिकेचे श्रोते आपापले. ती उभी राहिली की तेवढी रांग टाळ्या पिटते आणि ती बसली की उठून चालू लागते. फुलांच्या टोपल्या रंगमंचाच्या कडेला ओळीनं मांडलेल्या. त्यावर देणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात, घेणाऱ्याचं त्याहून मोठ्या. फोटोतल्या याम बाई मागे पडद्यावर मंद हसत होत्या. त्यांच्या नावाची टोपली मला दिसली नाही.

मी मनाशी म्हटलं, सापडली! हीच ती सभ्य लबाडी. एका बाईंना नवी जरीची साडी, म्हणजे तिकडचा झगा, मिरवायचा होता. दुसऱ्या दोघी उघडच एकमेकींवर कुरघोडी करत होत्या. एक निवृत्त गृहस्थ तर नाकातून आणि मनापासून असे गायले की झांजवाल्यानं दोनदा भलत्याच ठिकाणी शेवट करून पाहिला. सगळ्यांचा हेतू स्वतःचा, नाव मात्र याम बाईंचं.

पण हाच न्याय लावायचा तर खुद्द याम बाई तरी सुटतात का? तरुणपणी त्यांचं आणखी एक टोपणनाव होतं, ‘स्त्री ग्वाय मिंग-युंग’. ग्वाय मिंग-युंग हे त्या काळचे गाजलेले नायक-नट. याम बाईंनी त्यांची धाटणी उचलली आणि लोकांनी तसं नावच ठेवलं. म्हणजे आज जिची नक्कल करायला लोक पदरचे पैसे मोजतात, ती अस्सल बाई मुळात कुणाची तरी हुबेहूब म्हणून नावाजली गेली होती. त्या वेळी एखाद्या कँटनी तात्यांनी पहिल्या रांगेत बसून ‘छे! ते नव्हे’ म्हटलंच असणार.

मोठ्या प्रयोगासाठी बाक बाईंनी निवडलेलं नाटकही ह्याच प्रश्नावरचं. नाव ‘लाल प्लमच्या मोहराचा पुनर्जन्म’. नायक एका सुंदरीच्या प्रेमात पडतो. तिचा धनी मत्सरानं तिला मारून टाकतो. पुढे नायकाला एका बागेत थेट तिच्यासारखीच दुसरी मुलगी भेटते. शेवटी ही दुसरी मरते आणि पहिलीचा आत्मा तिच्या देहात येऊन राहतो. आता नायकानं प्रेम केलं ते कुणावर? गेलेलीवर, की तिच्यासारख्या दिसणारीवर? आपल्याकडे ह्यावर दोन परिसंवाद झाले असते. नाटककार तोंगना उत्तर विचारायची सोय नाही. 14 सप्टेंबर 1959 रोजी ली थिएटरमध्ये ह्याच नाटकाचा पहिला प्रयोग चालू असताना ते प्रेक्षागृहात कोसळले आणि दुसऱ्या दिवशी गेले. वय बेचाळीस. ते थिएटरही 1991 साली पाडलं. बाक बाईंनी सहकारिणीच्या स्मृतीसाठी नेमकं हेच नाटक काढावं आणि सहकारिणीच्या जागी तिची शिष्या उभी करावी, ह्याला केवळ योगायोग म्हणायला मन धजत नाही.

आमच्या हौशी संध्येत शेवटी एक जोडी पूर्ण पोशाखात आली. दोघीही साठीच्या. प्रवेश ‘दै नुई फा’ ह्या 1957 च्या नाटकाचा शेवटचा. मिंग घराण्याची राजकन्या आणि तिचा नियोजित पती लग्नाच्या रात्रीच विष घालून मद्य पितात, तो. आपल्याकडे असलं पद लग्नाच्या वऱ्हाडात कुणी म्हटलं तर वरमाय उठून जाईल. हाँगकाँगात मात्र ते हॉटेलात, गाडीत, हौसेच्या गाण्यात कुठेही म्हणतात. नायक झालेल्या बाई काही याम नव्हत्या. पण त्यांनी एकही जागा उडवली नाही. श्वास पुरेना तिथे स्वर लहान केला, पण सोडला नाही. इतका वेळ शेंगा सोलत बसलेलं सभागृह गप्प झालं.

पोपो रडत होत्या. तिकडची रीत मला ठाऊक नव्हती, म्हणून मी आपल्या रीतीप्रमाणे दुसरीकडे पाहिलं. सौ.नं तिच्या रीतीप्रमाणे सरळ हात धरला.

परतताना मुलीच्या दुभाषेपणातून गोष्ट कळली. पोपो सतराव्या वर्षी प्लॅस्टिकच्या फुलांच्या कारखान्यात होत्या. त्या काळी जगभरच्या फुलदाण्यांत हाँगकाँगची फुलं असत. थोरली बहीण शेजारच्याच बाकावर. दोघी पाकळ्या बसवता बसवता हाच प्रवेश म्हणायच्या. बहीण नायक, पोपो राजकन्या. बहीण जाऊन अकरा वर्षं झाली होती. तिचा फोटो घरी आहे, त्याच्यापुढे उदबत्तीही लावतात, पण तिथे रडू येत नाही म्हणाल्या. इथे येतं.

“म्हणजे पोपो याम बाईंसाठी आल्याच नव्हत्या,” मी मुलीला म्हटलं, “विचार तिला.” मुलीनं डोळे वटारले, पण विचारलं. पोपो हसल्या. म्हणाल्या, “याम बाईंसाठी रडायला त्या माझ्या कोण लागतात? पण बहिणीसाठी रडायला सभागृह कोण घेणार?”

मग मी नकलेबद्दल विचारलं. शेवटच्या बाई काही अस्सल याम नव्हेत, ते चालतं का? पोपोंनी कारखान्यातल्या सुरात उत्तर दिलं. प्लॅस्टिकचं फूल कुणी खरं समजून घेत नाही. पण पाकळी वाकडी बसली तर पर्यवेक्षक पूर्ण पेटी परत करायचा. खोटं फूल खोटं असतं हे ठीक, वाकडं असलेलं चालत नाही.

एवढ्या तत्त्वज्ञानासाठी लोक विद्यापीठांत फिया भरतात.

श्रद्धांजली कुणाला, ह्या प्रश्नावर माझं मत आता असं आहे. पाकिटावर पत्ता स्वर्गीय कलावंताचा असतो, आत पत्र बहुधा दुसऱ्याच कुणाच्या नावे असतं. कुणाच्या बहिणीच्या, कुणाच्या वडलांच्या, कुणाच्या स्वतःच्याच विसाव्या वर्षाच्या. ज्यांच्यासाठी सभागृह कुणी घेत नाही असे हे सगळे त्या एका फोटोच्या आडून आत येतात. ह्यात कलावंताची फसवणूक मला दिसत नाही. ज्या बाईनं जन्मभर पुरुष होऊन हजारो बायकांना आपापला प्रियकर पुरवला, तिला आपल्या जागी दुसरंच कुणी दिसण्याचं काय वाईट वाटणार? धंदाच तो होता. हेतू कुणाचा शुद्ध होता हे तपासत बसलं तर त्या दिवशी रंगमंचावर समई तेवढी उरली असती.

लबाडी असते ती वेगळीकडे. काही न मोजता जवळीक सांगणारे अध्यक्ष ती करतात. शेवटच्या बाईंनी वादकांचे पैसे मोजले होते, पण त्याहून जास्त म्हणजे कित्येक संध्याकाळी बसून एकेक पाकळी सरळ केली होती. हेतू काहीही असो, पाकळी सरळ आहे का, एवढं विचारावं.

राहिले आमचे तात्या. ‘ते नव्हे’ म्हणायला आधी ‘ते’ जसंच्या तसं आठवावं लागतं, आणि घरी बसून ते आठवत नाही. त्यासाठी समोर कुणीतरी जीव तोडून, थोडंसं कमी पडून, गावं लागतं. तात्यांची दाद तीच होती. फक्त ती गवयांना कळावी अशा भाषेत नव्हती.

आणि स्वर्गीय कलावंत फुकट येतात, हेही खरं नाही. ते अजून कामावर आहेत. 2014 च्या त्या रात्री याम किम-फाय ह्यांनी जाऊन पंचवीस वर्षं झाल्यावर एका निवृत्त फूलवालीची बहीण पंधरा मिनिटांसाठी परत आणून दिली. ह्याचं मानधन किती होतं हे मला सांगता येणार नाही. पोपोंनी त्यांच्या परीनं ते रुमालात भरलं होतं. आमचे मात्र पास होते.